मेंदी लावली की कानशिलं नारिंगी, इंडिगो लावला तरी आठवड्यात उतरतो: नेमकं कुठे बिनसतं?

तक्रार ठरलेली असते. महिन्या-दीड महिन्याने मेंदी भिजवायची, रविवारचा अर्धा दिवस डोक्याला पिशवी बांधून काढायचा, आणि धुतल्यावर मागचे केस छान गर्द, पण कानशिलं आणि भांगाच्या दोन्ही कडा भडक नारिंगी. कुणीतरी सांगतं, वर इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पूड, लाव. तो लावल्यावर दोन दिवस बरं वाटतं. मग पहिल्या-दुसऱ्या शाम्पूला निळसर पाणी वाहून जातं आणि खालून तोच नारिंगी वर येतो. पुढच्या खेपेला मेंदीत चहा वाढतो, कात वाढतो, आणखी एक अंडं पडतं. फरक काही पडत नाही.

आधी हे लक्षात घ्या की नारिंगी केस म्हणजे मेंदी न चढलेले केस नव्हेत. तिथे ती उत्तम चढलेली असते. मेंदी केसाचा मूळ रंग काढत नाही, झाकतही नाही; ती वरून पारदर्शक रंग देते. हळदीचा हात पांढऱ्या साडीला लागला तर लांबून दिसतो, काळ्या चंद्रकळेला लागला तर शोधावा लागतो, तसंच हे. काळ्या केसांवरही तेवढाच नारिंगी असतो, पण तो उन्हात गेल्यावर लालसर झाक म्हणून दिसतो. पांढऱ्या केसात मेलॅनिन, म्हणजे केसाला काळेपणा देणारं रंगद्रव्य, उरलेलंच नसतं, म्हणून मेंदी तिथे आपल्या खऱ्या रंगात दिसते. मेंदी जास्त वेळ ठेवली, दाट लावली, तर नारिंगीचा विटकरी होईल. तपकिरी किंवा काळा होणार नाही. त्यामुळे ‘मेंदी कुठली चांगली’ या प्रश्नाने इथे काही सुटत नाही. दुसरा रंग लागतो, आणि तो नीट बसावा लागतो.

पाकीट उलटं करून वाचा

पुढचं काहीही करायच्या आधी तुम्ही लावताय ती मेंदीच आहे का, हे बघा. मेंदीच्या पानात केस रंगवणारं द्रव्य एकच, लॉसोन. काळी मेंदी, बरगंडी मेंदी, चॉकलेट मेंदी अशी झाडं नसतात. ज्या ‘मेंदी’ने अर्ध्या तासात केस काळेभोर होतात, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, असतं आणि त्याचा रंग फुलवायला बेरियम पेरॉक्साइडसारखं काही घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ही नावं सापडतात. शंका असेल तर चमचाभर पावडर पांढऱ्या बशीत पाण्यात कालवा. शुद्ध मेंदी हिरवीच राहते आणि काही तासांनी वरचा थर तपकिरी होतो. दहा-पंधरा मिनिटांत कालवण काळं पडायला लागलं तर तो डाय आहे.

डाय वापरणं हा काही गुन्हा नाही. पण मग त्याला डायचे नियम लावा: दर वेळी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून ४८ तास वाट बघायची. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं काही न होता अचानक सुरू होऊ शकते. ‘मी दहा वर्षं हीच मेंदी लावते’ या वाक्याला त्यामुळे काही अर्थ नाही. कपाळाच्या कडेला खाज, कानाच्या पाळ्या सुजणं, सकाळी पापण्या जड, अशी सुरुवात असते. हे एकदा झालं की ‘कमी वेळ ठेवते’, ‘खाली तेल लावते’ असले मधले मार्ग काढू नका. पीपीडी कायमचं बंद, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर सरळ दवाखाना. लग्नकार्यात हातावर काढतात त्या ‘काळ्या मेंदी’लाही हेच लागू.

इंडिगोला मेंदीची सवय लावू नका

माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ तक्रारींचं मूळ इथे सापडतं, म्हणून इथे थोडं थांबू या.

इंडिगो म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड. पानात तयार निळा रंग नसतो. इंडिकन नावाचं द्रव्य असतं. पाणी लागलं की पानातल्याच विकरामुळे ते फुटतं आणि इंडॉक्सिल तयार होतं. हे लहान आणि विरघळणारं असतं, केसात शिरू शकतं. पण हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याची निळ होते, आणि निळ पाण्यात विरघळत नाही. आता गोम अशी की ही क्रिया केसात व्हायला हवी, तशीच ती वाटीतही होत राहते. वाटीत तयार झालेली निळ केसावर नुसती वर बसते आणि पुढच्या धुण्याला मोरीत जाते. तुम्हाला दिसतं ते निळसर पाणी हेच.

म्हणून मेंदीची सगळी शिस्त इंडिगोला उलटी पडते. मेंदी रात्रभर भिजलेली चालते, इंडिगो दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावा आणि अर्ध्या-पाऊण तासात संपवावा. मेंदीत लिंबू, दही, चहा असं आंबट-तुरट चालतं. इंडिगोत फक्त कोमट पाणी आणि हवं तर चिमूटभर मीठ. मेंदी धुतल्यावर लोक त्याच वाटीत, त्याच ब्रशने इंडिगो कालवतात. लिंबाचा अंश राहतो आणि काम बिघडतं. भांडं, ब्रश, सगळं धुऊन घ्या. आणि रात्रीच्या मेंदीतच इंडिगो घालून सकाळी लावायचा, ही तर हमखास फसणारी रीत. सकाळपर्यंत त्यात केसात शिरण्याजोगं काही उरलेलं नसतं.

तपकिरी रंग हवा असेल तर एकत्र लावता येतं, पण वेळ साधावी लागते. मेंदी आधी भिजवून तिचा रंग सुटू द्यायचा: आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तीन-चार तास पुरतात, थंडीत रात्रभर. ही मेंदी आंबट न घालता साध्या पाण्यात भिजवलेली बरी. लावायच्या पंधरा मिनिटं आधी इंडिगो वेगळा कालवायचा आणि मग दोन्ही मिसळून लगेच लावायचं. मेंदी एक भाग आणि इंडिगो दोन भाग घेतले तर गर्द तपकिरी. दोन्ही सारखे घेतले तर लालसर तपकिरी. काळा हवा असेल तर दोन टप्प्यांना पर्याय नाही: आधी नुसती मेंदी दोन-तीन तास, ती पूर्ण धुवायची, मग नुसता इंडिगो दीड-दोन तास. मेंदीचा पाया न घालता पांढऱ्या केसांवर थेट इंडिगो लावला तर निळसर-हिरवट राखी असं काहीतरी येतं, आणि तेही टिकत नाही.

मग कानशिलंच का राहतात? एक तर तिथला पांढरा केस बऱ्याचदा राठ असतो, त्याच्या वरच्या खवल्या घट्ट मिटलेल्या असतात, रंग आत उशिरा जातो. दुसरं कारण साधं आहे. आपण लावायला सुरुवात मागून किंवा टाळूपासून करतो, कानशिलापर्यंत पोचेपर्यंत वाटीतला इंडिगो निम्मा म्हातारा झालेला असतो, आणि तिथे लेपही पातळ बसतो. वर पंखा चालू. लेप वाळला की रंग आत जाणं थांबतं. उपाय याच क्रमाने: कानशिलं आणि कपाळाची कड सगळ्यात आधी, जाड थर देऊन, वर प्लॅस्टिकचा कागद दाबून बसवायचा, पंखा बंद. खांद्यापर्यंतच्या केसांना मेंदी आणि इंडिगो, प्रत्येकी साधारण १०० ग्रॅम पूड लागते. पाकिटातली अर्धी पूड पुढच्या वेळेसाठी ठेवायची काटकसर कानशिलांवर दिसते. आणि उघडलेला इंडिगो दमट हवेत महिनोन्महिने टिकत नाही. कोकणात, मुंबईत तर पावसाळ्यात तो डब्यातच मरतो. पूड हिरवी असायला हवी. राखाडी-निळी झाली असेल तर फेकून द्या.

धुताना फक्त पाणी. त्यानंतर ४८ तास शाम्पू नाही. लगेच आरशात बघून घाबरू नका. धुतल्यावर केसांवर हिरवट छटा दिसते, ती हवेने एक-दोन दिवसांत गडद होते. सोमवारी ऑफिस असेल तर हे सगळं शनिवारी करा.

एवढं करूनही कानशिलावर नारिंगी झाक राहिली तर पूर्ण डोकं पुन्हा करू नका. दुसऱ्या दिवशी तीन-चार चमचे ताजा इंडिगो कालवून फक्त तेवढ्याच जागी तासभर लावा. राठ केसांना दोन हात लागतातच.

तेल, कंडिशनर आणि लोखंडी कढई

मेंदी कोरडी पडते म्हणून आदल्या रात्री चपचपून तेल लावायची आपल्याकडे पद्धत आहे. कोरडेपणाला ती ठीक, रंगाला घातक. तेलाच्या थरातून ना लॉसोन आत जातं, ना इंडॉक्सिल. आदल्या दिवशी शाम्पू करा, कंडिशनर नको. मेंदी धुताना गुंता सुटावा म्हणून कंडिशनर वापरायचा मोह होतो. दोन टप्प्यांत करत असाल तर तोही टाळा, सिलिकॉनचा थर मागे राहतो. त्याऐवजी बादलीत पाणी घेऊन केस बुडवून हलवा, मेंदीचा गाळ आपोआप सुटतो. तेल तिसऱ्या दिवशी लावा, मग हवं तेवढं.

लोखंडी कढईबद्दल माझं मत बहुतेक आज्यांना आवडणार नाही. लोखंड आणि चहातलं किंवा आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, एकत्र आलं की शाईसारखा काळा रंग होतो, हे खरं. जुनी शाई अशीच होत असे. कढई काळी होते, हात काळे होतात, लेप काळा दिसतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण हा काळेपणा बराचसा केसाच्या बाहेर बसतो आणि काही धुण्यांत जातो. मागे लोहाचा अंश मात्र राहू शकतो, आणि पुढे कधी पार्लरमध्ये पेरॉक्साइडचा कलर करायचा झाला तर तो डोकेदुखी ठरतो. काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. अंडं आणि दही यांचं म्हणाल, तर प्रथिनं मेंदीचा रंग स्वतःच धरतात. जे अंड्याला चिकटलं ते केसाला मिळत नाही. अंडं खा.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर

मुंबईत रंग टिकत होता, लातूरला किंवा पुण्याबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला आल्यापासून टिकत नाही, ही तक्रार खोटी नसते. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर पापुद्रा धरतात. नळाच्या तोटीवर पांढरा थर साचत असेल तर डोक्यावरही तेच साचतंय. रंगवायच्या आदल्या दिवशी असे थर काढणाऱ्या चिलेटिंग किंवा क्लॅरिफायिंग शाम्पूने एकदा धुवा. नाही मिळाला तर मगभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने खळखळून धुऊन टाका. आंबटपणा इंडिगोपर्यंत पोचता कामा नये. मेंदी आणि इंडिगो भिजवायला फिल्टरचं पाणी घ्या, ते लागतंच किती!

मेंदीवर पार्लरचा कलर चालेल का

शुद्ध मेंदीवर ट्यूबचा, म्हणजे पार्लरच्या रासायनिक कलरचा, गडद शेड चालतो. उजळ करायला जाल तर नाही. सध्या जिच्या-तिच्या फोनमध्ये ॲश ब्राऊन (राखी झाक असलेला तपकिरी) आणि बलायाजचे (मोकळ्या हाताने उजळ केलेल्या बटांचे) फोटो असतात. मेंदी लावलेल्या केसांवर ते करायचं म्हणजे आधी ब्लीच, आणि लॉसोन ब्लीचला सहज जुमानत नाही. केस आणखी भडक नारिंगी होतात. खाली इंडिगो असेल तर हिरवे. ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणणाऱ्या पार्लरमधून उठून या. विंचरताना निघालेले केस जपून ठेवा आणि त्यांच्यावर आधी करून दाखवायला सांगा. ब्लीचच्या मिश्रणात ते केस गरम झाले, बुडबुडे आले किंवा ताणल्यावर तुटले तर आधी लावलेल्या मेंदीच्या पाकिटात धातूचे क्षार होते, विषय संपला. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. मेंदीतून बाहेर पडायचं तर ती वाढू देऊन कापणं, हाच खात्रीचा रस्ता. खांद्यापर्यंतच्या केसांना त्यात दोन वर्षं सहज जातात. बॉब करायची तयारी असेल तर बरंच लवकर जमतं.

मेंदी कधीच लावली नाही, तरी ट्यूबच्या कलरनंतर मुळं नारिंगी, असंही होतं. त्याचं कारण वेगळं आहे. आपल्या काळ्या केसातलं रंगद्रव्य उजळलं की आधी लाल आणि मग नारिंगी छटा उघडी पडते. डेव्हलपर, म्हणजे कलरमध्ये मिसळतात ते पेरॉक्साइड, जितका कडक, तितकी ती जास्त दिसते. त्याचा कडकपणा व्हॉल्यूममध्ये मोजतात: १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे झाकायला २० पुरेसा असतो. घाईसाठी ३० किंवा ४० घेतला की टाळूच्या उबेने मुळं लांबीपेक्षा जास्त उजळतात. शेडचा आकडाही बघा. टिंबाआधीचा आकडा गडदपणा सांगतो: १ काळा, १० सगळ्यात फिका. टिंबानंतरचा झाक सांगतो, बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे राखी, .३ सोनेरी, .४ तांबूस. निम्मे केस पांढरे असताना नुसता ५.३ लावला तर पांढऱ्यांवर पितळी चमक येते. त्यात निम्मा साधा ५ मिसळायला सांगा. आणि तो जांभळा शाम्पू पिवळटपणावर असतो. आपल्याकडे बहुतेकींना नारिंगीचा त्रास, त्याला निळा शाम्पू लागतो. दुकानात मात्र जांभळाच गळ्यात मारतात.

शेड ठरवताना

पांढरे जास्त असतील तर काळाभोर रंग निवडू नका, हे मी गिऱ्हाइकाला नाराज करूनही सांगते. पंधरा दिवसांत अर्धा सेंटिमीटर मूळ वर येतं, आणि काळ्याला खेटून ती पांढरी रेघ भांगात लांबून दिसते. गर्द किंवा मध्यम तपकिरी घेतलात तर तीच रेघ महिनाभर खपून जाते. चाळिशीनंतर काळाभोर रंग चेहऱ्याला कठोर दिसतो ते वेगळंच. फक्त कानशिलंच पांढरी असतील तर रंगाआधी कट बदलून बघा: गालापर्यंत येणाऱ्या कर्टन बँग्ज, म्हणजे कपाळावर मधून दोन्ही बाजूंना पडणाऱ्या बटा, ती जागा बरोबर झाकतात, आणि भांग सरळ रेषेत न पाडता नागमोडी पाडला की मुळं लपतात. पुरुषांचं गणित सोपं आहे, बाजूने बारीक कापलेल्या फेडमध्ये कानशिलाचे पांढरे केस उरतच नाहीत.

मेंदी-इंडिगोवरच राहायचं ठरवलं तर दर महिन्याला फक्त मुळांना लावा. पूर्ण लांबीला दर वेळी लावत गेलात तर थरावर थर बसतो, टोकं काळी ठिक्कर आणि राठ होतात, मुळं मात्र लालसरच दिसतात. मुळांना लावताना जुन्या रंगावर लेप जेमतेम बोटभर जाऊ द्या. टोकं फिकी पडली असं वाटलं तरच तीन-चार महिन्यांतून एकदा पूर्ण लांबी घ्या, आणि त्याच्या आदल्या दिवशी टोकं अर्धा इंच कापून घ्या.